घुले, हळू!

“विजू, तू बस,” हेमंत म्हणाला.

आमच्या बँडमध्ये कुणी कुणाला बसायला सांगत नसे. तालमीच्या खोलीत बसायला जागाच नव्हती. हेमंतच्या वडिलांचं, म्हणजे मुथाशेठचं, नगरच्या कापडबाजारात दुकान होतं आणि दुकानाच्या वर गोदाम. चारही भिंतींना पॉपलिनचे, मांजरपाटाचे गठ्ठे, मधे सादिकचा ड्रमसेट आणि उरलेल्या जागेत आम्ही उभे. गठ्ठ्यांमुळे आवाज बाहेर जात नसे आणि हवा आत येत नसे. बसायला सांगितलं म्हणजे बातमी वाईट असणार हे ओळखून मी एका गठ्ठ्यावर टेकलो.

“कॅसेट जॅझ फ्युजनची करायची,” हेमंत म्हणाला.

ही ब्याण्णव सालची गोष्ट. आमच्या रॉक बँडचं नाव होतं ‘ब्लॅक कॉटन’. आपल्याकडची काळी कापसाची जमीन आणि घरचं कापडाचं दुकान, दोन्ही नावात यावं हा हेमंतचा विचार. नगरचे लोक आमचं पोस्टर वाचून दुकानात यायचे आणि काळं सुती कापड मागायचे. मुथाशेठ ते विकायचेही. हेमंत गिटार वाजवायचा, सादिक बागवान ड्रम. घुले बास वाजवायचा आणि बोलायचा नाही. त्याचं पहिलं नाव काय, हे बहुधा फक्त जिल्हा परिषदेच्या हजेरीपटाला माहीत होतं. आणि मी, विजयानंद भिंगारदिवे, गायक. चर्चच्या गायनमंडळात कमावलेला आवाज, खांद्यापर्यंत केस, आणि नगरच्या उन्हाळ्यातही अंगात काळं जॅकेट.

पुण्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या महोत्सवात पानसे नावाच्या गृहस्थांनी आम्हाला ऐकलं होतं. त्यांची कंपनी आरत्या आणि पोवाड्यांच्या कॅसेटी काढायची. पण ‘काका, आता रॉकचे दिवस आलेत’ असं पुतण्याने त्यांच्या डोक्यात भरवलं आणि त्यांनी आमची एक कॅसेट काढायचं कबूल केलं. ही बातमी मी घरी सांगितली आणि माझी आई मिशन हॉस्पिटलात नर्स असल्यामुळे ती दुसऱ्या दिवशी ऑपरेशन थिएटरपासून धोबीखान्यापर्यंत पोचली. भूल देण्याआधी पेशंटचं लक्ष दुसरीकडे वळवावं लागतं. आई त्यांना माझ्या कॅसेटबद्दल सांगायची. काही जण तेवढ्यावरच झोपत, असं डॉक्टर म्हणायचे.

तर दिवाळीत हेमंतचा आतेभाऊ अमेरिकेहून आला आणि येताना चार-पाच टेपा घेऊन आला. त्या ऐकल्यापासून हेमंत आमच्यात नव्हता.

“म्हणजे नक्की काय करायचं?” सादिकने विचारलं.

“जॅझचे सूर, रॉकचा जोर. प्रत्येकाने आपापलं मोकळं वाजवायचं, पण एकत्र.”

“आमच्या घरी जेवताना बोलतात तसं.”

“अगदी तसंच.”

“तिथे ऐकत कुणीच नाही,” सादिक म्हणाला.

हेमंतने ते सोडून दिलं. मग त्याने आम्हाला एक टेप लावून दाखवली. मी वाट पाहत होतो. गिटार झाली, पियानो झाला, ड्रम झाले, पुन्हा गिटार आली. टेप संपली.

“गाणं कुठंय?” मी विचारलं.

“विजू, हेच गाणं. शब्द नसतात याच्यात.”

“आवाज?”

“आवाजही नसतो. नुसती वाद्यं.”

“मग मी काय करायचं?”

हेमंत गिटारच्या तारा पाहू लागला. घुले जमीन पाहू लागला.

“टाळ्या?” सादिक म्हणाला.

त्याने चेष्टा केली असती तर मी एक ठेवून दिली असती. पण तो मनापासून मला काम शोधत होता. तेवढ्यात मुथाशेठ कापड काढायला वर आले. हेमंतने उत्साहाने नव्या पद्धतीचं थोडं वाजवून दाखवलं. शेठ कौतुकाने ऐकत उभे राहिले आणि जाताना म्हणाले, “छान. वाद्यं लावून झाली की हाक मार, गाणं ऐकायला येतो.”

मी दार आपटून निघून जाणार होतो. पण गोदामाचं ते लोखंडी सरकतं दार मला एकट्याला कधी उघडलं नव्हतं. घुलेने येऊन ते उघडून दिलं, मी बाहेर पडेपर्यंत धरून ठेवलं, आणि मग हळूच लावून घेतलं. इतकं सभ्य भांडण मी पुन्हा कधी केलं नाही.

मी तालमीला जाणं बंद केलं. नाताळ जवळ आला होता, त्यामुळे चर्चमध्ये गायनमंडळाचा सराव होताच. तिथे पायपेटी एस्तेर साळवे वाजवायची. मिशन शाळेच्या हेडमास्तरांची मुलगी. एका म्हाताऱ्या परदेशी बाईंकडून पियानो शिकलेली. एका संध्याकाळी सराव संपल्यावर ती पुस्तकं गोळा करता करता म्हणाली, “तुझा तो हेमंत आला होता रविवारी. उपासना संपेपर्यंत पायरीवर उभा होता, चपला हातात घेऊन. मी म्हटलं, अरे, आमच्यात चपला काढत नाहीत. तर म्हणाला, मागायला आलोय, असू दे.”

“काय मागायला?”

“मला. म्हणजे माझी बोटं. कॅसेटमध्ये कीबोर्ड वाजवशील का म्हणून.”

“तू हो म्हणालीस?”

“अजून नाही. आधी तुला विचारते, तू किती दिवस रुसणार आहेस?”

“मी रुसलेलो नाही.”

“मग सगळ्यांच्या वरच्या पट्टीत का गात होतास आज? पाळकसाहेब दोनदा दचकले.”

“मला त्यांनी काढलं, एस्तेर.”

“काढलं नाही. जागा नाही म्हणाले.”

“फरक काय?”

“काढलेल्या माणसाला कुणी सोबत चल म्हणत नाही. हेमंत म्हणाला, विजूला घेऊन ये, तो नसला की सादिकचं आणि माझं भांडण मिटत नाही.”

एस्तेर हे आत्ता माझ्या खांद्यावरून वाचते आहे. तिचं म्हणणं, ती असलं काही बोललीच नव्हती. हेमंत म्हणाला होता, ‘विजू नसला तर केबली कोण उचलणार?’ आणि तिने तेच मला सांगितलं होतं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर माणसाने निदान आठवणी तरी आपल्या मनासारख्या ठेवाव्यात, म्हणून मी वरचं वाक्य खोडत नाही.

तर मी मॅनेजर झालो. हे पद आमच्या बँडमध्ये आधी नव्हतं आणि त्याचं काम केबली गुंडाळणं, चहा सांगणं आणि गोदामाचं दार उघडायला घुलेला बोलावणं, एवढंच होतं. आईला मी काहीच सांगितलं नाही. सांगायचं राहून गेलं, असं मी म्हणेन. पुण्याला निघायच्या दिवशी तिने माझा काळा शर्ट इस्त्री करून ठेवला होता आणि कागदाच्या पुडीत ज्येष्ठमधाच्या काड्या.

“गाडीत खिडकीशी बसू नकोस, वारं लागेल. थंड पिऊ नकोस. आणि गाण्याआधी ही काडी चघळ.”

“आई, अगं…”

“घशाची कसली लाज? डॉक्टरसुद्धा चघळतात.”

एसटीत मी खिडकीशी बसलो. शिरूर येईपर्यंत दोन काड्या चघळून झाल्या होत्या. ज्या आवाजाची कुणाला गरज नव्हती, तो इतका स्वच्छ झाला होता की माझा मलाच राग आला.

स्टुडिओ पुण्यातल्या पेठेतल्या एका गल्लीत होता. रेगे नावाचे रेकॉर्डिस्ट होते. शांत गृहस्थ, सदैव थर्मासमधला चहा पीत बसलेले. त्यांनी चौघांना चार कोपऱ्यांत बसवलं, मधे लाकडी पार्टिशनं उभी केली, प्रत्येकाच्या कानांवर हेडफोन चढवले. मी काचेच्या अलीकडे रेग्यांच्या मागे, केबलींच्या ढिगाऱ्याशेजारी.

आणि काही केल्या जमेना.

गोदामात जे बरं वाजत होतं, ते इथे सुटं पडलं. सुरुवात ठीक व्हायची. मग हेमंतची गिटार भटकायला निघायची. फ्युजनमध्ये तेच अपेक्षित असतं म्हणे. एकाने लांब फिरून यायचं आणि बाकीच्यांनी घर सांभाळायचं. पण हेमंत परत यायचा तेव्हा घरी कुणी नसायचं. सादिक भलतीकडे असायचा, घुले त्याच्या मागे मागे, आणि एस्तेर दोन्ही हात मांडीवर ठेवून, छताकडे बघत.

“तू पुढे गेलास!” हेमंत ओरडायचा.

“तू मागे राहिलास!” सादिक ओरडायचा.

“मी मोजत होतो.”

“मीपण मोजत होतो. तुझा हिशेब दुकानातला, माझा आमच्या फळगाडीवरचा. जुळणार कसा?”

अख्खा दिवस यात गेला. संध्याकाळी पानसे आले. त्यांनी काचेतून आत पाहिलं, थोडं ऐकलं आणि रेग्यांना विचारलं, “गायक कुठंयत?”

“मी,” केबली गुंडाळता गुंडाळता मी म्हणालो.

“बरं नाही का?”

“बरा आहे.”

“मग?”

“मॅनेजर आहे.”

पानशांनी माझ्याकडे, मग काचेकडे, मग पुन्हा माझ्याकडे पाहिलं. हेमंतने बाहेर येऊन त्यांना फ्युजन म्हणजे काय ते समजावलं. पानसे समजूतदार माणूस. ते एवढंच म्हणाले, “हे बघा, परवापासून हा स्टुडिओ भजनी मंडळाला दिलाय. उद्या संध्याकाळपर्यंत काय ते करा. झालं तर कॅसेट निघेल. नाही झालं तर मी समजेन की पुतण्याचं ऐकलं आणि शहाणा झालो.”

त्या रात्री आम्ही पुण्यातच मुक्काम केला. हेमंत जेवलाच नाही. लोक त्याच्यावर हसतील याची त्याला भीती नव्हती. त्याच्या डोक्यात ते सगळं स्पष्ट वाजत होतं आणि बाहेर येत नव्हतं. असला माणूस पाहायला फार वाईट वाटतं, आणि आपल्याला नको म्हणणारा माणूसच तो असला तर त्याहून गैरसोयीचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. पहिली धून, चांगली सुरुवात, गिटार निघाली फिरायला. मी काचेशी उभा होतो. तेवढ्यात माझं लक्ष गेलं, सादिक माझ्याकडे बघत होता. हेमंतकडे नाही, ड्रमकडे नाही. काचेतून थेट माझ्याकडे. आणि माझ्या ध्यानात आलं की माझे ओठ हलत होते. मी आतल्या आत ती धून म्हणत होतो, आणि सादिक माझे खांदे वाचत होता. स्टेजवर इतकी वर्षं त्याने दुसरं केलं काय होतं? माझ्या पाठीकडे बघत तो ड्रम वाजवायचा. मी श्वास घेतला की त्याला कळायचं, आता ओळ सुरू होणार. घुले सादिकला धरून, हेमंत आम्हा सगळ्यांवर. आणि आता मधला माणूसच काढून घेतल्यावर ते बिचारे चार कोपऱ्यांत बसून एक, दोन, तीन मोजत होते.

“रेगेसाहेब,” मी म्हणालो, “मला नुसतं यांच्या कानात गाता येईल का? टेपवर नको. फक्त यांना ऐकू जाईल असं.”

“येईल की. गाईड म्हणतात त्याला. त्या कोपऱ्यातल्या खोलीत जा.”

ती खोली कपाटाएवढी होती. माईक होता, हेडफोन होते. मी आत गेलो आणि पहिल्यांदा ‘ला ला’ करून पाहिलं. हेडफोनमधून सादिकचं हसू ऐकू आलं.

“विज्या, गुळण्या करतोस का?”

‘ला ला’ने काम होईना. इंग्रजी शब्द सुचेनात. ते मी आजवर दुसऱ्यांचेच म्हटले होते. धून तर पुढे चाललेली. हेमंत निघाला होता ढगात, घुले त्याच्या मागे धावत सुटला होता, आणि पुढच्या वळणावर सगळे कोसळणार हे मला दिसत होतं. मग जे तोंडात आलं ते मी गायलो:

“घुले, हळू, घुले, हळू, पुढे घाट आहे,
सादिकभाई, मागे बघा, एस्तेर वाट पाहे…”

घुले हळू झाला. खरोखर झाला. सादिकने मागे पाहिलं असावं, कारण ड्रम एकदम मऊ झाले आणि त्या मोकळ्या झालेल्या जागेत एस्तेरचे सूर अलगद येऊन बसले. हेमंत अजून वरच होता. मी त्यालाही हाक घातली:

“हेमंतशेठ, मोजा मोजा वाऱ्यावरचं कापड,
चार वार झाले आता, कात्री मारा झटपट!”

हेमंत हसला, आणि हसता हसता बरोबर जागेवर उतरला. चौघंही एकदम. धून संपली.

“झालं हे,” रेगे म्हणाले आणि त्यांनी थर्मासचं झाकण उघडलं.

मग दिवसभर आम्ही तेच केलं. मी त्या कपाटात उभा राहून सगळ्यांची सालटी काढत होतो. सादिकला पेरू विकले, घुलेला बढती दिली, हेमंतचं तीनदा लग्न लावलं, आणि ते चौघं वाजवत होते. भांडण एकदाही झालं नाही. भांडायला हवं ते सगळं मीच गाऊन टाकत होतो.

शेवटची धून एस्तेरने बांधलेली होती. संथ, थोडी प्रार्थनेसारखी. तिथे मला चेष्टा करता येईना. मी काहीतरी गायलो. ते शब्द इथे देत नाही. एस्तेरला आठवतात असा मला संशय आहे, पण तिनेही ते कधी म्हणून दाखवलेले नाहीत. मला एवढंच आठवतं की हेमंतची गिटार माझ्या आवाजाला चिकटून चालली होती, दोन पावलांवरून आईमागे लहान मूल चालतं तशी. मी थांबलो की ती थांबायची.

सगळं संपल्यावर आम्ही काचेच्या अलीकडे जमलो. पानसे येऊन बसले होते. रेगे म्हणाले, “एक सांगायचं राहिलं. एक ट्रॅक मोकळा होता, म्हणून सवयीने यांचा आवाजही घेऊन ठेवलाय. ऐकायचा?”

त्यांनी पहिली धून लावली, माझ्या आवाजासकट.

काय सांगू! सादिक हसून हसून काचेवर आदळला. पानसे मांडीवर ठेका धरून उठलेच. “अहो, हे तर गाणं आहे! हे खपेल! ‘घुले, हळू’ लग्नाच्या वरातीत वाजेल! मला वाटलं होतं तुम्ही गातच नाही.”

मी हेमंतकडे पाहिलं. तो टेपच्या फिरणाऱ्या चाकांकडे बघत होता. मग म्हणाला, “आवाज ठेवू या.”

“आणि तुझं फ्युजन?”

“खड्ड्यात गेलं फ्युजन. तू नसतास तर यातलं काही झालं नसतं. ठेव तू तुझा आवाज, विजू. मी मनापासून म्हणतोय.”

तो खरंच मनापासून म्हणत होता. त्याचं नाक लाल झालं होतं. आणि माझ्या डोळ्यांपुढे आई होती. हॉस्पिटलच्या बाया गोळा करून, टेपरेकॉर्डरचं बटण दाबणारी. एवढं सोपं होतं सगळं. नुसतं ‘बरं’ म्हणायचं होतं.

“रेगेसाहेब,” मी म्हणालो, “एकदा आवाज बंद करून लावता?”

त्यांनी लावलं.

आवाज होता तेव्हा सगळे माझीच वाट बघताहेत असं वाटत होतं. मी मधे ऐटीत उभा आणि बाकीचे माझ्यामागे वाजवणारे. आता मी नव्हतो. घाट आला आणि घुले आपसूक हळू झाला, कुणी सांगितल्यावाचून. सादिकने मागे पाहिलं. एस्तेर आली. हेमंत वरून उतरला तेव्हा तिघंही दारात उभे होते. ही चार माणसं आयुष्यभर एकमेकांचं मन ओळखून वाजवत आली असतील, असंच कुणालाही वाटलं असतं. सकाळपर्यंत ती एकमेकांचे गळे धरायला निघाली होती, हे फक्त आम्हाला माहीत.

“पुसा,” मी म्हणालो.

“काय?” पानसे म्हणाले.

“माझा आवाज पुसा.”

“अहो मॅनेजर, धंद्याचं काही कळतं का?”

“नाही कळत.”

रेग्यांनी खुर्ची फिरवून माझ्याकडे पाहिलं. “एकदा पुसलं की परत येत नाही.”

“ठाऊक आहे.”

त्यांनी एक बटण दाबलं. एक तांबडा दिवा लागला आणि टेप फिरू लागली. सगळ्या धुनांमधला माझा आवाज पुसून होईपर्यंत आम्ही तसेच बसून होतो. सादिकचंही हसू थांबलं होतं. एस्तेरने माझ्या हातातली केबल काढून घेतली आणि स्वतः गुंडाळायला लागली.

“का केलंस?” हेमंतने बाहेर आल्यावर विचारलं.

“तुझं बरोबर होतं म्हणून.”

“मग असा का बघतोयस माझ्याकडे?”

“तुझं बरोबर होतं म्हणूनच.”

परतीच्या एसटीत घुले माझ्या शेजारी बसला होता. सुपे ओलांडल्यावर तो अचानक म्हणाला, “मला तर तूच ऐकू येतोस. असलास काय, नसलास काय.” एवढं बोलून तो नगर येईपर्यंत पुन्हा गप्प. पुढे जिल्हा परिषदेतून निवृत्त होईस्तोवर त्याने माझ्याशी याहून लांब भाषण केल्याचं मला आठवत नाही.

हेमंतने त्या धुनांना आधी फार भारी इंग्रजी नावं शोधून ठेवली होती. ग्रह, आकाशगंगा वगैरे. ती सगळी त्याने फाडून टाकली आणि कव्हरवर माझ्याच ओळींमधली नावं छापायला लावली. ‘घुले, हळू’, ‘वाऱ्यावरचं कापड’, ‘सादिकचे पेरू’. मागे वादकांच्या नावांखाली माझं नाव होतं, आणि नावापुढे मी काय केलं ते लिहायची जागा कोरी. काय लिहावं हे कुणालाच ठरवता आलं नाही. कॅसेट फारशी खपली नाही. पानसे आनंदाने आरत्यांकडे परतले. पण पुण्याच्या एका मासिकात तिच्यावर लेख आला, आणि त्यात ‘घुले, हळू’ या शीर्षकातला स्वल्पविराम म्हणजे वेगवान युगाला दिलेला पौर्वात्य नकार आहे, असं एका विद्वानांनी लिहिलं होतं. घुलेने ते कात्रण ऑफिसात टेबलाच्या काचेखाली ठेवलं. दुर्मिळ गोष्टी शोधणारी पोरं अजूनही कधीतरी हेमंतच्या दुकानात येतात आणि दबक्या आवाजात विचारतात, ‘ब्लॅक कॉटन’ आहे का? तो त्यांना आधी कापड दाखवतो.

पण हे सगळं पुढचं. कॅसेट नगरला आली त्या आठवड्यातलं सांगायचं राहिलं.

मी आईला तेव्हाही काही सांगितलेलं नव्हतं. राहून गेलं नाही, माझी छाती झाली नाही, असं एस्तेर म्हणते. एवढं मी मान्य करतो. दुपारच्या चहाच्या वेळी आईने हॉस्पिटलच्या नर्सेसच्या खोलीत टेपरेकॉर्डर नेला. मला मुद्दाम बोलावलं. बाया खाटांवर, खुर्च्यांवर, दारात उभ्या. आईने बटण दाबलं आणि हाताची घडी घालून उभी राहिली.

एक धून झाली. दुसरी झाली. बाया माझ्याकडे बघून हसत होत्या, मी जमिनीकडे बघत होतो, घुलेसारखा. तिसरी संपत आली तेव्हा थॉमस सिस्टर, आईची केरळची मैत्रीण, मोठ्याने म्हणाल्या, “विजू कधी गाणार? अजून बाजाच चाललाय!” कुणीतरी म्हणालं, कॅसेट खराब निघाली असेल, बदलून आणा. आईचा चेहरा मला दिसत होता आणि त्यावरून काही कळत नव्हतं. वॉर्डातून घंटा वाजली, बाया उठल्या. आईने टेप बंद केली, कॅसेट काढून ॲप्रनच्या खिशात घातली आणि ड्युटीवर गेली. घरी आल्यावरही ती त्याबद्दल बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो तर स्वयंपाकघरात एस्तेरची ती संथ धून लागलेली. आई टेबलावर घोंगडी पसरून युनिफॉर्मला इस्त्री करत होती. मी दाराशीच उभा राहिलो.

“हा हेमंत ना?” तिने विचारलं. “बरं वाजवतो.”

“हो.”

“पण दम तुझा आहे.”

“म्हणजे?”

“लहानपणी तुझी छाती भरायची. तीन वर्षांचा होईस्तोवर तुझ्या पाठीला कान लावून बसलेय मी, श्वास अजून किती वेळ नीट चालतो ते ऐकत. तुझा श्वास कुठे तुटतो ते मला विचार. ही गिटार तिथेच तुटते.” तिने इस्त्री उभी करून ठेवली. “हे बघ. आता. इथे. आणि आता पुन्हा धरशील.”

गिटारने सूर पुन्हा धरला.

“तू गायलायस ना हे?”

“गायलोय,” मी म्हणालो. “सगळंच गायलोय. मग पुसलं.”

“का?”

मी नुसता टेपरेकॉर्डरकडे हात केला. आईने धून संपेपर्यंत ऐकली, मान हलवली आणि कॉलर उलटी करून इस्त्री हातात घेतली.

“बरं केलंस,” ती म्हणाली. “पण पुढच्या वेळी जरा मोठ्याने गा. थॉमस सिस्टरला कमी ऐकू येतं.”